बैलाची सुई आणि गिधाडाचे मरण
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की घटकाभरात गिधाडे उतरत आणि संध्याकाळी फक्त हाडे उरत. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी हे पाहिले आहे. तरुणांपैकी कितीजणांनी गिधाड पाहिले असेल, शंकाच आहे. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक एवढीच उरली. आता तीच मढी मोकाट कुत्री खातात, आणि पिसाळलेल्या कुत्र्याची भीती आपणास सांगायला नको.

राजस्थानात भरतपूर येथे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ही घट नोंदवली. संशय होता विषाणूचा. कोडे सुटले ते पाकिस्तानात. अमेरिकी व पाकिस्तानी शास्त्रज्ञांनी तेथील पंजाबात मेलेली गिधाडे तपासली, तेव्हा मूत्रपिंडे निकामी होऊन आतील अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला आढळला. कारण निघाले डायक्लोफिनॅक, म्हणजे लंगडणाऱ्या बैलाला, तापलेल्या गाईला देण्यात येणारी वेदनाशामक सुई. हे २००४ साली जाहीर झाले. शंभरात एकाहून कमी मढ्यांत हे औषध असले तरी एवढा नाश होतो, असा हिशोब निघाला, कारण एका मढ्यावर गिधाडांचा थवाच जेवतो.

बैल कळवळत असताना औषध देऊ नका, असे मात्र कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर आपण ऐकलेही नसते! म्हणून दुसरे औषध शोधण्यात आले. दक्षिण आफ्रिकेत व नंतर भारतात पिंजऱ्यातील गिधाडांना मेलोक्झिकॅम देऊन पाहिले. त्यांना काही झाले नाही, आणि गुरांना तर ते गुणकारी आहेच. २००६ साली भारत, नेपाळ व पाकिस्तानने जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद केले. मला विचाराल तर बंदीपेक्षा हा पर्याय मोलाचा.

तरी पळवाट राहिली. माणसांच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या. म्हणून २०१५ पासून ती सुई ३ मिलीच्या एकाच मात्रेत विकण्याचे बंधन आले. अ‍ॅसिक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनते. तेही किटोप्रोफेनसह २०२३ साली जनावरांसाठी बंद झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निमेसुलाईड.

तेव्हा सुई टोचण्यापूर्वी बाटलीवरचे नाव वाचा, पशुवैद्यकांकडे मेलोक्झिकॅम मागा. औषध चालू असताना जनावर दगावले आणि कोणती सुई दिली हे ठाऊक नसेल, तर ते उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरा. नाशिकच्या कड्यांवर व रायगड जिल्ह्यात अजून गिधाडे घरटी करतात. त्या भागातील पशुपालकांनी तर हे आजपासूनच पाळावे.