रांग मोडायचा अधिकार



मागे बसलेल्या सिस्टर्सनी पुढे यावं, ही पहिली विनंती. आजचा विषय आम्हा डॉक्टरांपेक्षा तुमचा आहे.

मी निवासी डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. एका सरकारी रुग्णालयातली सोमवारची ओपीडी. कान दुखणारा एक मुलगा छप्पर डोक्यावर घेत होता, त्याला सगळ्यांनी आधी पुढे काढलं. मागे भिंतीला टेकून एक बाई बसली होती. मांडीवर आठ महिन्यांचं लेकरू, अगदी गप्प. तिचा नंबर आला तोवर त्यानं मान टाकली होती. केस पेपरच्या खिडकीवरच्या सिस्टर नंतर मला म्हणाल्या, ‘‘मला दिसलं होतं, सर. पण नंबर कसा मोडू?’’

दिसलं होतं! म्हणजे ज्ञान होतं, अधिकार नव्हता. आपण डिजिटल साधनांवर बोलतो तेव्हा या सिस्टरना विसरून बोलतो, अशी माझी तक्रार आहे.

ट्रायेज म्हणजे आल्या क्षणी आजाराचा जोर ओळखून क्रम लावणं. जागतिक आरोग्य संघटनेची त्यासाठीची पद्धत साधी आहे: श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, झटके, शरीरातलं पाणी हे दारातच बघायचं. मलावीतल्या ब्लँटायरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मुलांसाठी असा क्रम आणि तातडीचे उपचार सुरू झाले, तेव्हा दाखल मुलांमधले मृत्यू 10 ते 18 टक्क्यांवरून 6 ते 8 टक्क्यांवर आले. त्यात संगणकाचा काही वाटा नव्हता. पुढे केनिया आणि युगांडात ‘स्मार्ट ट्रायेज’ आलं. मोबाइलला ऑक्सिमीटर जोडायचा, मोजके प्रश्न विचारायचे, आणि धोक्याच्या अंदाजावरून लेकरू तातडीचं की थांबू शकणारं, ते ठरवायचं.

पण या यंत्राची आजी आपल्याच राज्यातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुइणींसाठी श्वासमापक केला. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाचा धोका. निरक्षर बाईच्या हाती निदान आलं. आपल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननेही खेड्यातल्या बायकांवर असाच भरवसा टाकला. त्यांना दिलेलं ‘भारतवैद्य’ हे नावच केवढं! (आपण पदवीधर मात्र पंधरा सेकंद मोजून चारने गुणतो. हात वर करायला सांगत नाही.)

तर स्मार्ट ट्रायेजसारखं नवं साधन काय देतं? माझ्या मते बुद्धी कमी आणि अधिकार जास्त. सिस्टर म्हणाल्या ‘हे लेकरू आधी’, तर रांग भांडायला उठते. पडद्यावर लाल दिसलं, की माणसं बाजूला होतात. माणसापेक्षा पडद्यावर विश्वास बसतो, याची मला लाज वाटते. तरीही लेकरू आत जात असेल, तर लाज मी गिळायला तयार आहे.

साधनाच्या खोडी मात्र ठाऊक हव्यात. ऑक्सिमीटरचा मोठ्यांच्या बोटाचा चिमटा तान्ह्याला लावला तर ऑक्सिजनचा आकडा फसवतो. गार पडलेल्या पायावरही फसवतो. 2020मध्ये अमेरिकेतल्या प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की ऑक्सिजन खरोखर कमी असताना यंत्रानं तो ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. आपली लेकरं कुठल्या रंगाची आहेत, ते सांगायला नको. म्हणून आकडा चांगला आणि लेकरू मलूल असेल, तर लेकराचं ऐकायचं. तिथं सिस्टरना पडदा खोडून लाल करता आला पाहिजे. ती सोय नसलेलं साधन मी फुकटातही घेणार नाही.

दुसरं, भाषा. ‘बालकाचे आहारग्रहण कमी झाले आहे का?’ असं पडद्यावर लिहिलं, तर आई ‘नाही’ म्हणेल. तीच आई न विचारता सांगते, ‘‘अंगावर पीत नाही, पोट उडायलंय.’’ प्रश्न तिच्या शब्दांत हवेत.

आणि लाल दिसल्यावर पुढे काय? आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून सोलापूरचं मोठं रुग्णालय 65-70 किलोमीटर; परंड्याच्या माणसाला बार्शी जवळ. गाडी येईपर्यंत ऑक्सिजन कोण लावणार, ग्लुकोज कोण बघणार, ते नाव ड्यूटीच्या तक्त्यावर रोज लिहिलेलं हवं. नाव नसेल, तर लाल ठिपका म्हणजे नुसती रंगपंचमी.

दुपारच्या सत्रात दोन सिस्टर्स हे साधन वापरून दाखवतील. आयोजकांनी प्रात्यक्षिकाला बाहुली आणली आहे. बाहुलीला श्वास नसतो, म्हणून मोजायला टेबलावर एक डॉक्टर झोपावा लागेल. मी माझं नाव दिलं आहे. पूर्ण एक मिनिट मोजा.