आधी माती, मग रोप: ब्रॅम्प्टनच्या परसातला वाफसा

आजचा भाग बागकामाचा आहे. पण बागेत मी जे लावतो त्याचं नाव घेतलं की आपल्याकडे लोक आधी दार लावून घेतात. गांजा. हो, बरोबर ऐकलंत.

म्हणून आधीच स्पष्ट सांगून टाकतो. मी कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतात, ब्रॅम्प्टनला राहतो. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरी झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे. एका घराला चार झाडं. घरात माणसं दोन असोत की दहा, झाडं चारच. वय १९ पूर्ण हवं, बी किंवा रोप परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यायचं, आणि आलेला माल विकायचा नाही. भाड्याच्या घरात असाल तर करारात मनाई आहे का तेही बघायचं.

भारतात हे चालत नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात हे झाड लावलं तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. तेव्हा पुण्यात गॅलरीत एक कुंडी ठेवून बघू, असलं काही डोक्यात आणू नका. आणि इथून थोडं बॅगेत घालून नेऊ, तेही नाही. कॅनडाची हद्द ओलांडून नेणं हा इथेही गुन्हाच आहे.

आता गोष्ट सांगतो.

यंदा एप्रिलमध्ये आप्पा आले. माझे वडील. सांगली जिल्ह्यात आमची शेती, ऊस आणि हळद. आयुष्य मातीत गेलेला माणूस. दुसऱ्याच दिवशी परसात फिरताना त्यांना गेल्या वर्षीचे वाळलेले दोन बुंधे दिसले. त्यांनी एक वाकवून बघितला, आणि मला विचारलं, "हे काय लावलं हुतंस?"

खोटं बोलता आलं असतं. अंबाडी म्हटलं असतं तर पानावरून पटलंही असतं कदाचित. पण पान नव्हतंच, आणि मीही चाळिशीचा झालोय. सांगितलं खरं.

त्यानंतर तीन दिवस आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, नातीशी खेळायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले, "शेजारच्या गावात एकाच्या उसात झाडं घावली. त्याला नेला. जमीन इकून वकील दिला त्याच्या बायकोनं. तू तिकडनं शिकून हितं आलास, ते ह्यासाठी?"

इथला कायदा वेगळा आहे, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं. त्यांना कायदा कळत नव्हता असं नाही. त्यांच्या डोळ्यापुढे ती विकलेली जमीन होती. तिला माझ्याकडे काय उत्तर असणार?

शनिवारी मी कुदळ घेऊन वाफ्यात उतरलो. आप्पा ओट्यावर चहा घेत बसलेले. मी दोन घाव घातले असतील, तेवढ्यात आवाज आला, "थांब! वाफसा न्हाई अजून."

मंडळी, शहरातल्यांसाठी सांगतो. वाफसा म्हणजे जमीन फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही, अशी कामाला योग्य अवस्था. आप्पांनी मूठभर माती उचलली, दाबली, आणि अंगठ्याने टोचली. गोळा तसाच चिकट राहिला. "हा फुटला पायजे. फुटत न्हाई तवर जमिनीत पाय घालायचा न्हाई."

आणि मला दोन वर्षांपूर्वीची चूक समजली. बर्फ वितळल्या वितळल्या, उत्साहात, मी ओली चिकणमाती खणली होती. जूनमध्ये तिच्या विटा झाल्या. पाणी वरच थांबायचं, मुळं आत जाईनात. मी खताला दोष देत बसलो होतो.

आठ दिवस थांबलो. मग कामाला लागलो, आणि आता दोघं. काय काय केलं ते क्रमाने सांगतो. हे टोमॅटोलाही तितकंच लागू आहे.

पहिलं, साफसफाई. जुने बुंधे, मुळं, पानांचा कचरा सगळा बाहेर. गेल्या ऑक्टोबरमध्ये माझी निम्मी फुलं करड्या बुरशीने सडली होती. असा कचरा घरच्या कंपोस्टमध्ये टाकायचा नाही, नाहीतर तीच बुरशी परत वाफ्यात येते.

दुसरं, माती तपासणी. हे झाड जमिनीतले कॅडमियम, शिसं असले जड धातू ओढून घेतं. जुन्या घराचा रंग किंवा रस्त्याची धूळ मातीत गेली असेल, तर प्रयोगशाळेत तपासून घ्या. सामू सहा ते सातच्या दरम्यान हवा. माझा सातच्या थोडा वर निघाला, त्यामुळे चुना आणि राख बंद.

तिसरं, खत. माझा वाफा चार फूट बाय आठ फूट. त्यावर दोन इंच कुजलेलं कंपोस्ट, म्हणजे ३० लिटरच्या पाच पिशव्या, वरच्या सहा-आठ इंचांत मिसळलं. ताजं शेण अजिबात नाही. चिकणमाती मोकळी करायला वाळू टाकायचा माझा विचार होता. आप्पा हसले. तीन दिवसांनंतरचं पहिलं हसू. "वाळू घालून काय गिलावा करायचाय?"

चौथं, जागा. इथे आप्पांनी विचारलं, "गेल्या साली बी हितंच हुतं? मग बेवड बदल." एकाच जागी तेच पीक घेतलं की त्याचे रोगही तिथेच मुक्काम करतात. शिवाय ती जागा कुंपणाच्या सावलीत होती. सकाळचं दव दुपारपर्यंत वाळायचं नाही, म्हणून बुरशी. आता नवी जागा धरलीय, आठ तास ऊन आणि दोन झाडांत सहा फूट अंतर. शेजाऱ्यांचा रात्रीचा दिवाही तिथे पोचत नाही. हे महत्त्वाचं, कारण ऑगस्टमध्ये रात्र मोठी होत जाते तेव्हा या झाडाला फुलं धरतात. रात्री उजेड पडला तर ते गोंधळतं.

पाचवं, कुलूप. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. जाळी आणि कुलूप लावल्याशिवाय रोप बाहेर येणार नाही. कुत्रा असेल तर त्यालाही लांब ठेवा, त्याच्यासाठी हे विषारी आहे.

आणि घाई नको. इकडे लोक व्हिक्टोरिया डे, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, होऊन जाईपर्यंत नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत. एका रात्रीचं दहिवर सगळं संपवतं. त्याआधी आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ रोपांना बाहेरच्या हवेची सवय करायची.

तरुण मंडळींना एक सांगतो, आवडणार नाही तरी. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते, आणि त्या वयात गांजाचा त्रास जास्त होतो, असं इथलं आरोग्य खातंच सांगतं. कायद्याने चालतं म्हणजे अंगाला चालतं असं नव्हे.

तर वाफा तयार झाला. जुन्या जागेत आप्पांनी मेथी टाकली आणि वांग्यासाठी सरी ओढली. नव्या जागेची माती हातात घेऊन दाबली, टोचली. गोळा भुगा होऊन फुटला. मला वाटलं, मिटलं सगळं.

हात झटकत म्हणाले, "जमीन झाली तयार. ती माझी कामं, ती मी केली. तुझं रोप मातूर मी गेल्यावर लाव."

त्यांचं विमान ५ जूनचं आहे. रोपं अजून आत खिडकीत आहेत. उशीर थोडा होईल, पण चालेल.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.