कांचनजंगाची ओसरी



मजुरांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने श्रीमंतांच्या इमारतीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. विषय मीच मागून घेतला. इमारतीविषयी बोलण्याचा हक्क फक्त तीत राहणाऱ्यांचा, असे मी कधी मानले नाही.

मुंबईत कंबाला हिलवर 'कांचनजंगा' ही २८ मजल्यांची इमारत आहे. १९८३ साली ती पुरी झाली. तिचे वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया. त्यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादेस झाला, म्हणजे आपली परभणी ज्या हैदराबाद संस्थानात होती त्याच मुलखात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना एवढे नाते पुरे!

कोरियांपुढचा पेच असा. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही तिकडेच. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. घर उघडे ठेवावे तर भाजते आणि भिजते, बंद ठेवावे तर गुदमरते. जुन्या बंगल्यांनी यावर राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा काढला होता. आपल्या वाड्यातली ओसरी तीच. उन्हाने आधी ओसरीवर यावे, तिथेच थकावे. वैशाखातली दुपार माळवदाच्या घरात काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पण ओसरी जमिनीवरची; ती आकाशात न्यावी कशी? कोरियांनी इमारतीचे कोपरेच कोरून काढले आणि तिथे दोन मजले उंचीच्या, झाडे लावता येतील अशा गच्च्या ठेवल्या. ऊनपाऊस गच्चीने झेलला, वारा आतल्या खोल्यांना मिळाला.

ही इमारत मी रस्त्यावरूनच पाहिली आहे. बरोबर जिंतूर तालुक्यातला एक गवंडी होता. बराच वेळ मान वर करून तो म्हणाला, "भाऊ, त्या कोपऱ्याखाली खांबच न्हाई. मग ह्यो थांबलाय कशावर?" लोक उंची मोजतात, याने खांब शोधला. उत्तर इमारतीच्या पोटात आहे. तळ २१ मीटर चौरस, उंची ८४ मीटर, आणि मधोमध काँक्रीटचा गाभा. वाऱ्याचा आडवा जोर मुख्यतः तो गाभा पेलतो, म्हणून कोपरे मोकळे सोडता आले. हे गणित शिरीष पटेल या अभियंत्यांचे. गाभा सरकत्या साच्याने आधी वर नेला: खालचे काँक्रीट धरू लागले की साचा वर सरकवायचा. असले काम मध्येच थांबविणे परवडत नाही, पाळ्या लावून माणसे उभी करावी लागतात. साच्याचे वर्णन मी पुस्तकांत वाचले. साचा सरकविणाऱ्यांचे नाव एकाही पानावर दिसले नाही.

आणि एवढ्या इमल्यात घरे किती? ३२. ती पुरी होत होती तेव्हा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप चालू होता. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. त्यांतल्या पुष्कळांची ओसरी म्हणजे चाळीची गॅलरी. तीही साऱ्या मजल्याची मिळून एक.

यासाठी कोरियांवर मी बरीच वर्षे रागावलो होतो. पुढे वाचत गेलो तसा राग निवळला, सगळा नाही. याच माणसाने १९६५ च्या सुमारास प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह नव्या मुंबईची कल्पना मांडली. बेलापूरला त्यांनी सात-सात घरांना एक अंगण दिले, आणि कोणाची भिंत कोणाला लागून ठेवली नाही; हेतू हा, की ऐपत येईल तसे ज्याचे त्याने घर वाढवावे. १९९६ साली सरकारने गिरण्यांच्या जमिनींचा आराखडा त्यांच्याच समितीकडे सोपविला. आराखडा झाला आणि कागदावर राहिला. जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला, असा १९९१ चा नियम होता. २००१ साली तो बदलून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली. शेडखालची जमीन, जिथे कामगार उभा राहत होता तीच, हिशेबातून गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम केला. तिथे उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत काच भरपूर आहे. वारा मात्र बहुतेक ठिकाणी यंत्राचा.

आपल्या गावातही आता काचेची दर्शनी भिंत मागणारे पुष्कळ झाले आहेत. परभणीच्या उन्हात! तो जिंतूरचा गवंडी परवा भेटला. त्याने स्वतःचे घर बांधले आहे. मी विचारले, ओसरी ठेवली का? म्हणाला, "ठेवली की भाऊ. पर तिथं आता पोराची मोटारसायकल राहती."