उतारावरचा संयम

डोंगराळ मुलखात वाट आणि ओढा हे फार जुने सोबती आहेत. डोंगरात शिरण्याचा मार्ग माणूस शोधू लागला, त्याच्या कितीतरी आधी पाण्याने खाली उतरण्याचा आपला मार्ग कोरून ठेवलेला असतो. आणि रस्ता आखणारा कितीही कुशल असला तरी अखेर त्याला त्या खोऱ्याचाच आधार घ्यावा लागतो. म्हणूनच डोंगरातले वनरस्ते पुष्कळदा ओढ्याच्या काठाकाठाने जाताना दिसतात. अशा कच्च्या रस्त्यांवरून सायकल चालवण्याचा छंद गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरला. त्यातील साहसाची वर्णने आपण ऐकली असतील. मला आज त्याच्या ब्रेकविषयी बोलायचे आहे. कारण त्या लहानशा साधनाशी सायकलस्वाराची सुरक्षितता जशी बांधलेली आहे, तसेच शेजारून वाहणाऱ्या ओढ्याचे जीवनही बांधलेले आहे.

या छंदाचे जन्मस्थान म्हणून प्रामुख्याने ज्या प्रदेशाचे नाव घेतले जाते, तो कॅलिफोर्नियातील मरिन परगणा सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, गोल्डन गेट पुलापलीकडे आहे. तेथील टॅमलपायस पर्वताची उंची जेमतेम ७८४ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाहूनही कमी; पण तो समुद्राजवळून एकदम वर चढलेला असल्यामुळे त्याचे उतार भारी वाटतात. वणवा लागला तर विझवणाऱ्यांना आत पोहोचता यावे, म्हणून या परिसरात जागोजागी कच्चे रस्ते काढलेले आहेत. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या काही तरुणांनी १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या जाड टायरांच्या जुन्या, वजनदार सायकली मिळवल्या आणि त्या घेऊन ते या रस्त्यांवरून उतरू लागले.

फेअरफॅक्स गावाजवळ कॅस्केड कॅन्यन नावाच्या दरीत उतरणारा असा एक रस्ता आहे. जेमतेम सव्वातीन किलोमीटरांत तो सुमारे ४०० मीटर खाली येतो. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी या रस्त्यावर पहिली शर्यत झाली. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पायडल उलटे दाबले की तो लागे. एवढा उतार उतरेपर्यंत हब इतका तापे की आतले वंगण जळून त्याचा धूर निघे. मग खाली आल्यावर हब उघडून त्यात नवे वंगण भरावे लागे. वंगण पुन्हा भरण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरूनच त्या रस्त्याला ‘रिपॅक’ हे नाव पडले. एखाद्या शर्यतीच्या मार्गाला त्यावरच्या वेगाऐवजी थकलेल्या ब्रेकचे नाव मिळावे, यात मला मोठा अर्थ दिसतो.

त्या शर्यतींतूनच नवी सायकल घडली. जो ब्रीझ याने १९७७ साली केवळ अशा रस्त्यांसाठी म्हणून एक सांगाडा तयार केला. गॅरी फिशर आणि चार्ल्स केली यांनी १९७९ साली टॉम रिची याने घडवलेल्या सांगाड्यांवर सायकली उभारून विकण्याचा व्यवसाय काढला. जुना हबचा ब्रेक गेला, हाताने दाबायचे ब्रेक आले. चढणीसाठी अनेक गिअर आले. १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिक सामन्यांत दाखल झाला. वीस वर्षांत एका दरीतला पोरखेळ जगाच्या क्रीडांगणावर जाऊन पोहोचला.

पण ज्या डोंगरात हा खेळ वाढला, तो डोंगर मोकळा पडलेला नव्हता. टॅमलपायसच्या उतारांचा मोठा भाग हे मरिनच्या पिण्याच्या पाण्याचे पाणलोटक्षेत्र आहे. तिथल्या लॅग्युनिटास ओढ्यावर एकामागून एक अशी धरणे बांधलेली आहेत. धरणांच्या खालच्या पात्रात आजही कोहो जातीचे सामन मासे समुद्रातून वर येतात. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि त्याच दिवसांत या माशांची वीण होते. मादी शेपटीने तळाचे खडे उकरते, त्या खळग्यात अंडी घालते आणि ती पुन्हा खड्यांनी झाकते. खड्यांच्या फटींतून स्वच्छ पाणी खेळत राहिले तरच त्या अंड्यांना प्राणवायू मिळतो. बारीक माती वाहून आली आणि त्या फटी बुजल्या, की अंडी जागच्या जागी गुदमरतात. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे हे मासे २००५ सालापासून नष्ट होण्याच्या मार्गावर असलेल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत आहेत.

ही माती येते कुठून? पुष्कळशी रस्त्यांवरून. कच्चा रस्ता दाबला गेल्यामुळे पाणी मुरू देत नाही. त्यावर चाकोरी पडली की पाणी तीच धरून धावते, आणि धावता धावता तिचा चर करते. चराचे तोंड ओढ्याकडे असेल तर प्रत्येक सरीबरोबर रस्ताच थोडाथोडा ओढ्यात जातो. न्यायाने बोलायचे तर यात सायकलीचा वाटा मोठा नाही. मूळ दोष आखणीचा असतो. रस्त्याला दरीच्या बाजूस किंचित उतार देणे, ठिकठिकाणी उथळ बाक काढून पाणी झाडीत सोडून देणे, गरज संपलेला रस्ता मोडून तिथे पुन्हा झाडोरा वाढू देणे, हे त्यावरचे खरे उपाय होत.

तथापि, उरलेला वाटा सायकलस्वाराच्या हातात आहे, हातात म्हणजे अक्षरशः बोटांत. उतारावर घाबरून ब्रेक करकचून दाबला की मागचे चाक फिरायचे थांबते आणि फरफटत जाते. फिरते चाक जमिनीला धरून असते; फरफटणारे चाक जमीन खरवडते. पदार्थविज्ञानाचा साधा नियम असा की, घसरू लागलेल्या वस्तूला घर्षणाचा आधार कमी मिळतो. म्हणजे ब्रेक गच्च आवळणारा स्वार थांबतो उशिरा, त्याची सायकल वळत नाही आणि रस्त्यावर मात्र एक सरळ ओरखडा उमटतो. पुढच्या पावसाचा चर तिथूनच सुरू होतो. जाणता स्वार शरीराचा भार मागे नेतो, वळणाच्या आधीच वेग उतरवतो, दोन्ही ब्रेक हलक्या बोटांनी दाबतो आणि चाक फिरते ठेवतो. स्वतःला सांभाळण्याची रीत आणि ओढ्याला सांभाळण्याची रीत, या दोन्ही इथे एकच ठरतात. स्वार्थ आणि परार्थ यांचा असा सहज मेळ व्यवहारात क्वचितच पडतो.

माणसामाणसांतला तंटाही याच वेगावरून झाला. पायी फिरणारे आणि घोड्यावरून जाणारे यांनी तक्रारी केल्या. तेव्हा टॅमलपायसच्या त्या पाणलोटक्षेत्रात अरुंद पायवाटा सायकलींना अनेक दशके बंद राहिल्या. रुंद वनरस्त्यांवर ताशी २४ किलोमीटर आणि आंधळ्या वळणावर ताशी ८ किलोमीटर अशी वेगमर्यादा घालण्यात आली. जो खेळ अनिर्बंध म्हणून जन्माला आला, त्याला एका पिढीतच नियमांची गरज भासली.

आपल्याकडेही आता हिमाचलच्या देवदारांतून आणि सह्याद्रीच्या घाटवाटांवरून अशा सायकली धावू लागल्या आहेत. सह्याद्रीत तर वर्षाचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि तांबडी माती हां हां म्हणता वाहून जाते. तानसा आणि वैतरणा यांचे पाणी मुंबईला, खडकवासल्याचे पुण्याला येते. त्या तलावांची कुळे याच डोंगरांतल्या लहानसहान ओढ्यांत आहेत. तेव्हा भर पावसात भिजलेली वाट दोन दिवस सोडून द्यावी. ओढा पुलावरून ओलांडावा. पूल नसेल तर उतरून, दगडांवरून पाय टाकीत, सायकल उचलून न्यावी. गुराखी, मोळीवाल्या बाया आणि गुरे दिसली की आपण आधी थांबावे. कारण वाट त्यांच्या नित्याच्या कामाची आहे, आणि आपण तिथे घटकाभराचे पाहुणे आहोत.

चढताना माणसाचे बळ दिसते आणि उतरताना त्याचा विवेक. वर जाण्यास लागणारे गिअर यंत्रशाळेत तयार होतात. उतारावर ब्रेक किती दाबायचा, हे मात्र ज्याचे त्यालाच शिकावे लागते. ते शिकलेला स्वार खाली पोहोचतो तेव्हा त्याच्यामागे रस्ता होता तसाच असतो, आणि शेजारचा ओढा होता तितकाच नितळ.