लेपाखालची ओल



शुद्ध पाणी हे विजेचे अत्यंत मंद वाहक आहे, असे भौतिकशास्त्र सांगते; आणि ते खरेही आहे. तरीही पावसाळ्यातील दमट हवेने एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण अकस्मात मुके होते. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा? उत्तर असे की, सर्किट बोर्डावर साचणारे पाणी शुद्ध राहत नाही. हाताळणाऱ्याच्या बोटांचा घाम, डाख देताना मागे राहिलेला फ्लक्सचा अंश, सागरी वाऱ्यातील मीठ हे सारे त्यात विरघळते आणि डोळ्यांना न दिसणारा तो थर विजेला वाट करून देतो. शेजारच्या दोन वाहक रेषांमध्ये विद्युत्-दाब असला, म्हणजे धन बाजूचा धातू आयनरूपाने विरघळून ऋण बाजूकडे जातो व तेथे साचून झाडाच्या फांद्यांसारखे सूक्ष्म तंतू वाढू लागतात. ते पलीकडच्या रेषेला भिडले की शॉर्ट सर्किट होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आणि पॅसिफिक बेटांच्या अरण्यांत गेलेल्या बिनतारी यंत्रांना हा अनुभव विपुल आला. त्यांचे निरोधक भाग ओल धरीत, त्यांवर बुरशी चढे. म्हणून बुरशीनाशक मिसळलेले रोगण त्यांवर चढविण्यात येऊ लागले. आजच्या पातळ लेपांचे हे पूर्वज होत.

आजचे लेप बहुधा २५ ते १३० मायक्रोमीटर जाडीचे असतात. अॅक्रिलिकचा लेप द्रावकाने सहज निघतो, त्यामुळे दुरुस्ती सोपी जाते. पॉलियुरेथेन रसायनांना व घर्षणाला दाद देत नाही. सिलिकोन उष्णता सोसते. परंतु द्रवरूप लेपात एक उणीव असते. पृष्ठताणामुळे तो धारदार कडांवरून मागे ओढला जातो आणि नेमका तेथेच विरळ राहतो. पॅरिलीनची गोष्ट वेगळी. १९४७ मध्ये मँचेस्टर येथे मायकेल श्वार्त्स यांना हे बहुवारिक सापडले. पुढे विल्यम गोरहॅम यांनी त्याची बाष्परूपाने लेपन करण्याची पद्धती सिद्ध केली. निर्वात कक्षातील बाष्प प्रत्येक फटीत शिरून सर्वत्र सारख्या जाडीने बसते. शरीरात बसवावयाच्या वैद्यकीय उपकरणांवरही हा लेप देतात.

मात्र येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. कोणताही बहुवारिक लेप बाष्पाला संपूर्ण अडवीत नाही. पाण्याचे रेणू त्यातून सावकाश पार होतातच. लेपाचे खरे कार्य असे की, तो पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहतो आणि पाण्याला सलग थर धरण्यास जागाच ठेवीत नाही. त्याखाली क्षार राहिले असतील, तर ते बाष्प ओढून घेतात, फोड उठतात, लेप सुटतो आणि गंजण्याची क्रिया त्याच्या आडोशाने निर्वेध चालते. वरून पाहणाऱ्यास मात्र सारे चकचकीत दिसते.

म्हणून आधी धुणे, मग पूर्ण वाळविणे, जोडणीचे संपर्कबिंदू झाकून घेणे आणि त्यानंतर लेप, हा क्रम मोडता येत नाही. लेपात चमकणारा रंगद्रव्याचा अंश मिसळलेला असल्यास जंबुपार प्रकाशात राहिलेल्या जागा दिसतात. परंतु लेपाखालची मलिनता तो प्रकाश दाखवीत नाही. ओल धरलेल्या भिंतीवर कितीही उत्तम रंग दिला, तरी पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पोपडे निघतात. घर बांधणाऱ्याला ठाऊक असलेली ही गोष्ट सूक्ष्म उपकरणे घडविणाऱ्यानेही विसरता कामा नये. रेल्वेचा सिग्नल असो वा रुग्णाच्या उशाशी असलेले यंत्र, त्याचा भरवसा लेपाच्या चकाकीवर नव्हे, तर त्यापूर्वीच्या स्वच्छतेवर अवलंबून असतो.