पॉप-टॉपचं कापड: बाहेरचा पाऊस की आतली वाफ?

आजचा एपिसोड व्हॅनमध्ये राहून फिरायचं स्वप्न बघणाऱ्यांसाठी. आणि तुम्ही साधा तंबू घेणार असाल, तरी ऐका, कामाला येईल.

आधी पॉप-टॉप म्हणजे काय ते सांगते. कॅम्पर व्हॅनचं छत वर उचललं जातं. छत आणि बॉडीच्या मधे जी मोकळी जागा होते तिला चारही बाजूंनी कापडाच्या भिंती असतात, आणि वर झोपायला जागा मिळते. इथे ब्रिटनमध्ये अशा व्हॅन भरपूर दिसतात. आमचीही एक आहे, जुनी, सेकंडहँड.

तिचं कापड घड्यांवर फाटलं होतं, म्हणून नवीन शिवून घ्यायचं ठरलं. मी पीव्हीसी कोटिंगचं पॉलिस्टर निवडलं. का? तर त्यावर १०,००० मिमी असं लिहिलं होतं. इंजिनिअर माणूस, मोठा आकडा दिसला की भुलतो!

पहिलीच ट्रिप लेक डिस्ट्रिक्टला. तिथलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं गाव मानतात, वर्षाला साधारण ३,५०० मिमी. आंबोलीवाल्यांनो, हसू नका. इथे तो बारा महिने पडतो, आणि सोबत थंडी असते. या गोष्टीत व्हिलन थंडीच आहे.

आई-बाबा भारतातून आले होते. ते खाली झोपले, मी आणि नवरा वर. सकाळी उठले तर गादीची कड ओली आणि कापडावर आतून थेंब. मी टॉर्च घेऊन भोक शोधत बसले. आई खालून म्हणाली, "अगं, गळत नाहीये ते. पावसाळ्यात लाकडं प्लास्टिकमध्ये गच्च बांधली की आतून भिजतात ना, तसं झालंय."

आईचं बरोबर होतं. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. आम्ही चौघं, वर चहाची वाफ. बाहेरच्या थंडीने कापड गार, त्यामुळे वाफ त्यावर बसून पाणी होते. पुढच्या ट्रिपपर्यंत कोपऱ्यांत काळी बुरशी आली. बाबांना दमा आहे. त्या रात्री त्यांना दोनदा पंप घ्यावा लागला, आणि पहाटे आम्ही गाडी परत घराकडे वळवली. पैसे गेले त्याचं एवढं नाही वाटलं, पण ते खोकताना मी वर झोपले होते, ते मनातून जात नाही.

मग नीट अभ्यास केला. तो मिमीचा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की पाणी आरपार यायला लागतं. २,००० मिमी म्हणजे दोन मीटरचा स्तंभ. पण आपलं कापड छत नाहीये, भिंत आहे. छत फायबरग्लासचं. भिंतीवर पाणी साचत नाही, ओघळून जातं. म्हणजे दहा हजारांची गरजच नव्हती. आणि तो आकडा आतल्या वाफेबद्दल काहीच सांगत नाही.

पर्याय मुख्यतः तीन. पीव्हीसी: पाणी अजिबात येत नाही, पण वाफही बाहेर जात नाही. सुती कॅनव्हास: भिजला की धागे फुगतात आणि विणीतली छिद्रं बंद होतात, हवा खेळते. पण जड असतो, आणि ओला मिटला की बुरशी ठरलेली. तिसरं, ॲक्रिलिक कॅनव्हास: यात रंग धागा बनायच्या आधीच मिसळलेला असतो, म्हणून उन्हात लवकर विटत नाही. हवा खेळते, पाणी वरून घसरतं. आम्ही शेवटी हेच घेतलं, दोन बाजूंना जाळीच्या खिडक्यांसकट.

आता शिलाई. पाणी बहुतेक वेळा कापडातून नाही, सुईच्या भोकातून येतं. जोड कौलांसारखा हवा, वरचा तुकडा खालच्यावर. जोड घडीवर येऊ देऊ नका. दोरा पॉलिस्टरचा घ्या, उन्हात टिकणारा. शिवणीला आतून सीलर लावा, पण आधी कोपऱ्यात ट्रायल घ्या. सिलिकॉन लागलेल्या कापडावर दुसरं काही सहसा चिकटत नाही. आणि जुनं कापड फेकू नका, तेच तुमचं माप. फक्त ते आटलंय का किंवा ताणलंय का, ते बघून घ्या.

काही वर्षांनी पाणी कापडावरून घसरायचं थांबतं. तेव्हा साध्या साबणाने, कोमट पाण्याने धुवा. डिटर्जंट नको, त्याचा अंश राहिला की कापड पाणी धरतं. खूप वेळा खळबळून पूर्ण वाळवा, मग वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारा. अर्धवट वाळलेल्यावर मारलात तर फुकट.

आणि रोजची सवय: वारा ज्या बाजूने येत नाही तिकडची खिडकी रात्री वीतभर उघडी ठेवा. थंडी वाजेल, पांघरूण वाढवा. ओलं कापड मिटावंच लागलं, तर घरी पोचल्यावर आधी छत उघडा, बॅगा नंतर.

दुकानात गेलात की आपण विचारतो, "पाणी आत येईल का?" त्याच्याबरोबर हेही विचारा, "आतलं पाणी बाहेर कसं जाईल?" मी विचारलं नव्हतं.

आई-बाबा पुढच्या वर्षी परत येतायत. बाबा म्हणालेत, या वेळी खिडकीपाशी मीच झोपणार. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा!