पुढे पाठविण्यापूर्वी



१ जुलै २०१८ रोजी रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावी आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे त्या दिवशी तेथे आली. गावोगाव फिरून भिक्षा मागणे ही या समाजाची पिढीजात उपजीविका. मुले पळविणारी टोळी परिसरात हिंडत असल्याचे संदेश त्या सुमारास मोबाईलवरून घरोघर पोहोचले होते. संशयावरून जमाव उसळला आणि त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारण्यात आले. ज्या जागी घरपट्टीच्या पावत्या फाडल्या जातात आणि जन्ममृत्यूची नोंद होते, त्या जागी हे घडले. पळविलेले मूल नव्हते आणि टोळीही नव्हती.

शाळेत ‘डिजिटल नागरिकत्व’ शिकवावे असे आज सर्वत्र म्हटले जाते. या शब्दांचा अर्थ पुष्कळ ठिकाणी संगणक कक्ष, भिंतीवरचा पडदा आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड एवढाच घेतला जातो. ही साधने हवीतच. तथापि यंत्र चालविता येणे हे कौशल्य झाले. नागरिकत्व त्याच्या पुढे सुरू होते. हाती आलेला मजकूर दुसऱ्याच्या हाती देताना त्याच्या परिणामाची जबाबदारी आपलीही आहे, ही जाणीव म्हणजे नागरिकत्व. राईनपाड्याच्या घटनेत प्रत्यक्ष हात उगारणाऱ्यांवर खटले होऊ शकतात. परंतु तो संदेश ज्या शेकडो अंगठ्यांनी पुढे ढकलला, त्यांतील कित्येकांना आपण काही केले असे वाटलेही नसेल. शिक्षकाचे खरे काम या अंगठ्यापाशी आहे.

अफवा काही मोबाईलने जन्माला घातली नाही. प्लेगच्या आणि देवीच्या साथींतही वावड्या उठत. पण तेव्हा गावात बातमी आणणाऱ्याचे तोंड दिसे. तो कोण, त्याच्या शब्दाला किती किंमत द्यायची, हे गावाला ठाऊक असे. मोबाईलवरचा संदेश मामा किंवा वर्गमित्र यांच्या नावाने येतो. तो मुळात कोणी लिहिला हे मात्र मामालाही ठाऊक नसते. विश्वास मामावर असतो आणि तो जाऊन चिकटतो अज्ञात मजकुराला. हा फरक सातवीच्या मुलाला सहज समजतो. मोठ्यांना समजावयास थोडा वेळ लागतो.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत वर्गात शिकविण्याजोगी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मूळ चित्रफीत पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवून पालकांना सावध करतात. हा शेवट कोणीतरी कापला. चित्र खोटे नव्हते, पण अर्धे होते. म्हणून मुलांना ‘हे खरे की खोटे’ एवढेच विचारण्यास शिकवून भागत नाही. हे कोठले, केव्हाचे, याच्या आधी व नंतर काय होते, आणि हे पसरल्यास कोणाच्या दारात जमाव उभा राहील, हेही विचारावयास हवे. संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे, एवढे तरी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचता आले पाहिजे.

केरळातील कण्णूर जिल्ह्यात २०१८ साली सुमारे दीडशे शासकीय शाळांतून असे तास घेण्यात आले. त्यामागे एक अनुभव होता. गोवर-रुबेला लसीविषयीच्या अफवांमुळे पुष्कळ पालकांनी लसीकरणास नकार दिला होता. जिल्हा प्रशासनाने हा विषय शाळेत नेला, कारण शाळेतला धडा संध्याकाळी घरी पोहोचतो.

घरचा भाग अधिक अवघड आहे. वडील जेवताना मोबाईल पाहतात आणि मुलाला अभ्यास कर म्हणतात. असा उपदेश ऐकला जात नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाईल व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करण्याचा ठराव केला. दोन्हींमागची कळकळ एकच; परंतु वडगावची रीत अधिक टिकाऊ वाटते, कारण तेथे मोठ्यांनीही मोबाईल खाली ठेवला. निव्वळ बंदीतून मूल लपवावयास शिकते. एखाद्या मुलीला अनोळखी व्यक्ती त्रासदायक संदेश पाठवू लागली, तर ‘घरी सांगितले की मोबाईल जाईल’ या भीतीने ती गप्प राहते, आणि त्रास देणाऱ्याला हेच हवे असते. मोबाईल काढून घेतला जाणार नाही, हे पालकांनी आधीच सांगून ठेवावे. मदतीसाठी बालकांकरिता १०९८ आणि आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. ते शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घेण्यास फारसा खर्च नाही.

शिक्षण उलट दिशेनेही व्हावे. आजोबांना ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश आला, तर नातवाने त्यांना थांबवावे. फसवणूक झालीच, तर जितक्या लवकर १९३० वर कळविले जाईल, तितकी रक्कम वाचण्याची शक्यता अधिक. लाजेपोटी दोन दिवस घालवू नयेत, हेही नातवानेच सांगावे.

पंचायत सदस्यांकडे एक वेगळे काम येते. गावात अफवा उठली की लोक सरपंचांना, पोलीस पाटलांना विचारावयास येतात. त्या पहिल्या अर्ध्या तासात कोणी, कोणाला फोन करावयाचा, हे आधी ठरलेले असावे. राईनपाड्याच्याच दिवशी रात्री मालेगावातही मुले पळविण्याच्या संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले होते. त्यांच्यासोबत लहान मूल होते. तेथे पोलीस वेळेवर पोहोचले आणि ती माणसे वाचली.

ग्रामसभेत हा विषय घेताना शाळेतील दोन विद्यार्थ्यांना बोलावावे व त्या आठवड्यात गावात फिरलेला एखादा संदेश त्यांनी सर्वांसमोर तपासून दाखवावा. शक्य असेल तेथे भटक्या समाजातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस शाळेत निमंत्रण द्यावे. ते कोठून निघतात, कोणत्या महिन्यात कोणत्या गावी मुक्काम करतात, हे मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि वहीत लिहून घ्यावे.